एका तारेमागे किती यंत्रे? कार्यालयीन नेटवर्कविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. कार्यालयाने एका यंत्रासाठी दिलेली इंटरनेटची जोडणी प्रत्यक्षात तीन-चार यंत्रे वापरतात आणि ती यंत्रे कोणाची, याची नोंद कोणाकडेच नसते. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

उत्तरांआधी एक खुलासा करतो, कारण तो पुढे वारंवार लागणार आहे. जोडणी वाटून घेण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात मधले उपकरण फक्त फाटे फोडते. टेबलाखाली ठेवलेला साधा पाच पोर्टांचा स्विच हे त्याचे नेहमीचे उदाहरण असून, त्याच्या मागे असलेल्या प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, नेटवर्कला दिसतो. दुसऱ्या प्रकारात मधले यंत्र मागच्या सगळ्यांच्या वतीने, परंतु स्वतःच्याच नावाने बोलते. याला नॅट म्हणतात. इंटरनेटवर यंत्रांना दिले जाणारे क्रमांक, म्हणजे आयपी पत्ते, अपुरे पडू लागले तेव्हा, १९९४ च्या सुमारास ही पद्धत मांडली गेली आणि आज घरोघरचे राउटर तिच्यावरच चालतात. पहिल्या प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकाराला लागू पडत नाही, आणि पत्रांतली बरीचशी निराशा या एका गोंधळातून आलेली आहे.

प्रश्न (सांगली): आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात ४५ संगणक आहेत. महिनाभरात दोनदा असे झाले की सकाळी काही संगणकांवर कामकाजाची प्रणाली उघडेना, तर शेजारच्या टेबलावर ती सुरळीत चालू होती. बंद पडलेल्या संगणकांना आमच्या १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांऐवजी १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते मिळालेले दिसले. नेटवर्कचे काम पाहणारे गृहस्थ म्हणतात, व्हायरस असेल. तसे असू शकते का?

उत्तर: आपण दिलेल्या लक्षणांवरून हे व्हायरसपेक्षा कोणीतरी आणून लावलेल्या घरगुती वाय-फाय राउटरचे काम वाटते. अशा राउटरला एक पोर्ट बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असतो आणि बाकीचे आतल्या यंत्रांसाठी. भिंतीतली केबल चुकून आतल्या पोर्टात खोचली की तो राउटर आपल्या संपूर्ण कार्यालयाला पत्ते वाटू लागतो. संगणक सुरू होताना नेटवर्कवर सर्वांना उद्देशून पत्ता मागतो आणि बहुधा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. टेबलावरच्या राउटरने आपल्या सर्व्हरच्या आधी उत्तर दिले की तो संगणक चुकीच्या वाटेला लागतो. ज्यांच्याकडे आदल्या दिवशीचा पत्ता मुदतीत शिल्लक होता, त्यांचे काम चालू राहते. काही संगणक बंद आणि काही चालू, याचे कारण हेच.

तो राउटर शोधण्यासाठी अडलेल्या एका संगणकावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन गेटवेचा, म्हणजे संगणक ज्याच्यामार्फत बाहेर पडतो त्या उपकरणाचा, पत्ता पाहावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ असा असेल. त्यानंतर एआरपीच्या तक्त्यात, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा याच्या यादीत, त्या पत्त्यासमोर असलेला मॅक पत्ता लिहून घ्यावा. मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग निर्मात्या कंपनीला नेमून दिलेला असतो, त्यामुळे आपण कोणत्या कंपनीचे उपकरण शोधत आहोत ते कळते. आपले स्विच व्यवस्थापनाची सोय असलेले असतील तर त्यांच्या तक्त्यात तोच मॅक पत्ता शोधल्यावर पोर्टाचा क्रमांक मिळतो, आणि तिथून केबलच्या मागोमाग गेले की टेबल सापडते. स्विच साधे असतील तर निम्म्या केबल काढून गडबड थांबते का पाहावे, मग उरलेल्यांतल्या निम्म्या, याप्रमाणे २४ पोर्टांच्या स्विचवर पाच खेपांत जागा नक्की होते.

पुढे असे होऊ नये म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करावे (डीएचसीपी म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत). त्यात पत्ते वाटण्याचा अधिकार फक्त आपल्या सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टाला दिला जातो आणि इतर कोणत्याही पोर्टावरून आलेली पत्त्यांची वाटणी स्विच जागीच अडवतो. त्याच स्विचवर प्रत्येक पोर्टामागे किती मॅक पत्ते चालतील याची मर्यादाही घालता येते, म्हणजे टेबलाखालचे फाटे आपोआप उघडे पडतात. या सोयी स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये नसतात. माझे स्पष्ट मत असे आहे की पतसंस्थेने इंटरनेटचा वेग वाढवण्याआधी हा खर्च करावा, कारण खातेदारांच्या पैशांची नोंद ज्या तारांवरून जाते त्यांच्यावर कोण बोलत आहे, हे संस्थेला माहीत असलेच पाहिजे.

आणखी एक विनंती. राउटर सापडल्यावर तो लावणाऱ्याला आधी विचारावे की त्याची गरज का पडली. अनेक वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी असाच एक राउटर छताच्या पॅनेलवर शोधून काढला होता. तिथे चार जणांच्या खोलीत भिंतीवर एकच सॉकेट होते आणि दुसऱ्या सॉकेटची मागणी दीड वर्ष फाइलमध्ये पडून होती. सॉकेट न देता राउटर काढून नेला असता, तर आठवडाभरात तिथे दुसरा आला असता.

प्रश्न (नाशिक): आमच्या कारखान्यात प्रत्येक संगणकाचा मॅक पत्ता नोंदवलेला आहे आणि प्रत्येक पोर्टावर एकाच मॅक पत्त्याला परवानगी आहे. तरीही काही जण लॅपटॉपवर हॉटस्पॉट चालू करून पाच-सहा मोबाइल त्यावर चालवतात. आमच्या यादीत यांपैकी एकही मोबाइल दिसत नाही. हे ओळखायचे कसे आणि थांबवायचे कसे?

उत्तर: आपण केलेली व्यवस्था पहिल्या प्रकारासाठी योग्य आहे, परंतु आपल्याकडे घडते आहे ते दुसऱ्या प्रकारातले. लॅपटॉप मागच्या मोबाइलांचे सगळे बोलणे स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो, त्यामुळे स्विचला एकच मॅक पत्ता आणि एकच आयपी पत्ता दिसतो. नियम मोडल्याचे त्याला कळण्याचा मार्गच नाही. जोडणी पुढे वाटण्याची सोय विंडोजमध्ये १९९९ पासून, म्हणजे विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. विंडोज १० मध्ये २०१६ साली मोबाइल हॉटस्पॉट हे बटणच सेटिंगमध्ये आले आणि जे काम पूर्वी जाणकार करत ते आता कोणीही करू शकतो.

ओळखण्याची सर्वांत सोपी खूण टीटीएल या आकड्यात असते. इंटरनेटवर माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते; प्रत्येक पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो, जेणेकरून वाट चुकलेले पाकीट कायमचे फिरत राहू नये. विंडोज हा आकडा १२८ पासून सुरू करते, तर अँड्रॉइड, लिनक्स आणि अॅपलची यंत्रे ६४ पासून. आता लॅपटॉपचे स्वतःचे पाकीट आपल्या राउटरपर्यंत १२८ हा आकडा घेऊनच येते, परंतु त्याच्या मागच्या मोबाइलचे पाकीट लॅपटॉपने पुढे पाठवलेले असल्यामुळे ६३ घेऊन येते. एकाच आयपी पत्त्यावरून १२८ आणि ६३ असे दोन्ही आकडे येत असतील तर त्याच्या मागे दुसरे यंत्र असण्याची दाट शक्यता आहे. मात्र हे मोजमाप आपल्या मधल्या कोणत्याही राउटरच्या आधी घ्यावे लागते, नाहीतर तोही आकडा कमी करतो आणि सगळेच दोषी दिसू लागतात. संगणकाच्या आत चालणारी काही आभासी यंत्रेही अशीच खूण उमटवतात, म्हणून आपल्याकडे आरेखनाचा किंवा सॉफ्टवेअरचा विभाग असेल तर नुसत्या आकड्यावरून कोणाला नोटीस देऊ नये.

दुसरी खूण लॅपटॉपवरच मिळते. अलीकडच्या विंडोजमध्ये हॉटस्पॉट चालू असताना त्या संगणकावर १९२.१६८.१३७.१ हा पत्ता उमटतो. मालमत्तेची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आपल्याकडे असेल तर या पत्त्याचा शोध एका दमात सगळ्या लॅपटॉपवर घेता येतो.

थांबवण्याची योग्य जागा नेटवर्क नसून लॅपटॉप आहे. कारखान्याचे लॅपटॉप डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवरून चालवल्या जाणाऱ्या गटात, असतील तर ग्रुप पॉलिसीतील (त्या सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतील) संगणकाच्या भागात, नेटवर्क कनेक्शन्स या गटात, डोमेनच्या नेटवर्कवर इंटरनेट कनेक्शन शेअरिंगला मनाई करणारा नियम आहे. तो लागू केल्यावर हॉटस्पॉटचे बटण निरुपयोगी होते. डोमेन नसेल तर शेअरिंगची आणि मोबाइल हॉटस्पॉटची अशा दोन्ही सर्व्हिसेस बंद कराव्यात आणि वापरणाऱ्याला संगणकाचे प्रशासक अधिकार देऊ नयेत, कारण ते अधिकार हाती असतील तर तो त्या पुन्हा चालू करील. विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्यांचे किंवा आभासी यंत्रे वापरणाऱ्यांचे काम शेअरिंगच्या सर्व्हिसवर अवलंबून असू शकते, तेव्हा त्यांना आधी विचारावे.

जे लॅपटॉप आपल्या ताब्यात नाहीत, म्हणजे ठेकेदारांचे किंवा पाहुण्यांचे, त्यांच्यासाठी राउटरवर करता येण्याजोगा एक उपाय आहे. आतल्या यंत्रांकडे जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा टीटीएल राउटरने १ करून टाकायचा. ते पाकीट लॅपटॉपला मिळते आणि त्याचे काम चालते, परंतु ते मागच्या मोबाइलला द्यायला गेले की आकडा शून्य होतो आणि पाकीट तिथेच टाकून दिले जाते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या मायक्रोटिकच्या राउटरवर हे मॅंगलच्या, म्हणजे पाकिटांत फेरफार करणाऱ्या भागाच्या, एका नियमात होते. आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर तिथे टीटीएलऐवजी हॉप लिमिट असते, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. राउटर आणि यंत्रे यांच्यामध्ये राउटरचेही काम करणारा दुसरा स्विच असेल, तर हा नियम शेवटच्या टप्प्यावर लावला नाही तर अख्खा कारखाना बंद पडेल, म्हणून आधी एका खोलीपुरते करून पाहावे. जाणकार माणूस हा आकडा पुन्हा वाढवणारा राउटर लावू शकतो किंवा लॅपटॉपवर प्रॉक्सी, म्हणजे मागच्यांच्या वतीने स्वतः मागणी करणारे सॉफ्टवेअर, चालवू शकतो, आणि प्रॉक्सी स्वतःच नवे पाकीट तयार करत असल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. तरीही शंभरातल्या बहुतेकांना ती पुरते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नीट मिळत नाही. घरून फोन येतो, शाळेचा निरोप येतो, पैसे पाठवायचे असतात, आणि बारा तासांच्या पाळीत माणूस त्यासाठी दाराबाहेर किती वेळा जाणार? आपल्या कामगारांसाठी एक वेगळे वाय-फाय द्यावे, ते व्हीलॅनने, म्हणजे त्याच तारांवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कने, कारखान्याच्या संगणकांपासून पूर्ण तोडावे, त्यातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलण्यास मज्जाव करावा आणि प्रत्येक आयपी पत्त्याला वेगाची मर्यादा घालावी. मर्यादा पत्त्यागणिक असली की कोणी पुढे वाटले तरी तो स्वतःच्याच वाट्यातून वाटतो आणि शेजाऱ्याचे नुकसान होत नाही. गरज उघडपणे भागवली की उरलेले जे लपूनछपून चालते ते थोडे असते, आणि त्याच्याकडे मग काटेकोरपणे पाहता येते.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाचा वाय-फाय पासवर्ड आम्ही दर महिन्याला बदलतो. तीन दिवसांत तो सगळ्या आवारात पसरलेला असतो. मॅक पत्त्यांची यादी करून पाहिली, पण नोंदवलेलेच मोबाइल पुन्हा नवे म्हणून येतात. काय चुकते आहे?

उत्तर: चाळीस जणांनी एकच किल्ली वापरायची आणि ती गुप्त राहावी अशी अपेक्षा ठेवायची, हे मुळात जमणारे नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या वाय-फायचा पासवर्ड क्यूआर कोडच्या रूपाने दाखवता येतो. समोरच्याने तो कॅमेऱ्याने टिपला की पासवर्ड न सांगताही किल्ली हातची जाते. त्याच आवृत्तीपासून अँड्रॉइडचे मोबाइल, आणि २०२० च्या आयओएस १४ पासून आयफोन, प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडले किंवा मोबाइल पुसून नव्याने चालू केला की काही वेळा तो पत्ता बदलतो, म्हणून आपली यादी शिळी होते. असा बनवलेला पत्ता ओळखायचा असेल तर त्याचे दुसरे चिन्ह पाहावे. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता निर्मात्याने दिलेला नाही. शिवाय खरा मॅक पत्ताही कोणाला नक्कल करून वापरता येतो, तेव्हा त्याला ओळखपत्राचा मान देऊ नये.

आपल्याला हवी आहे ती माणसागणिक किल्ली. ८०२.१एक्स हे मानक २००१ पासून अस्तित्वात आहे आणि वाय-फायच्या सेटिंगमध्ये ते एंटरप्राइझ या नावाने दिसते. त्यात प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड, किंवा त्याहून चांगले म्हणजे यंत्रागणिक प्रमाणपत्र दिले जाते. तपासणीचे काम रेडियस सर्व्हर करतो, आणि फ्रीरेडियस हे विनामूल्य सॉफ्टवेअर एका जुन्या संगणकावरही आपल्यासारख्या कार्यालयाचा भार सहज उचलते. एखाद्याने आपली किल्ली दुसऱ्याला दिली तर ती त्याच्या नावाने नोंदते, एकाच नावावर एका वेळी दोनच यंत्रे अशी मर्यादा घालता येते, आणि कोणी नोकरी सोडली तर बाकीच्या एकोणचाळिसांना त्रास न देता एकच नाव काढता येते. जुने प्रिंटर आणि हजेरीची यंत्रे या पद्धतीने जोडली जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन ठेवून तिथून फक्त आवश्यक तेवढेच बोलणे खुले ठेवावे.

इतके करूनही, ओळख पटलेल्या लॅपटॉपने मागे हॉटस्पॉट चालू केला तर ८०२.१एक्सला ते कळणार नाही. त्यासाठी वर नाशिकच्या पत्राला दिलेले उत्तर पाहावे.

प्रश्न (पुणे): मी एका कंपनीत नोकरी करते. कार्यालयाचे नेट संथ असल्यामुळे मी माझा मोबाइल केबलने संगणकाला जोडून स्वतःच्या पैशांचा डेटा वापरत होते. त्यावरून मला लेखी समज मिळाली. मी कंपनीचे काहीच वापरत नसताना यात चूक काय?

उत्तर: आपला हेतू कामाचाच होता आणि खर्चही आपण स्वतः केला, म्हणून लेखी समज मला कठोर वाटते. आधी तोंडी समजावून सांगायला हवे होते. परंतु कंपनीची भीती खरी आहे. त्या वेळी आपला संगणक एकीकडे कंपनीच्या आतल्या नेटवर्कला आणि दुसरीकडे थेट बाहेरच्या इंटरनेटला जोडलेला असतो. कंपनीने दारावर बसवलेली फायरवॉल, फसव्या संकेतस्थळांची अडवणूक, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद, हे सगळे त्या एका केबलने वगळले जाते. आपल्या संगणकात काही शिरले तर त्याला आतली वाटही मोकळी मिळते आणि बाहेर माहिती पाठवण्याचीही, आणि त्याचा माग कंपनीच्या कोणत्याही नोंदीत राहत नाही.

कंपनीच्या संगणक विभागासाठीही दोन शब्द. विंडोजमध्ये डोमेनच्या नेटवर्कला जोडलेले असताना इतर नेटवर्कला जोडण्यास मनाई करणारा नियम विंडोज कनेक्शन मॅनेजर या गटात आहे आणि तो लावला असता तर समज देण्याची वेळच आली नसती. मोबाइल केबलने जोडल्यावर संगणकाला नवे नेटवर्क कार्ड आल्यासारखे दिसते, तेव्हा अशा उपकरणांची स्थापनाही पॉलिसीने रोखता येते. आपण मात्र नेट कोणत्या वेळी आणि कोणत्या कामाला संथ होते, याची आठवडाभराची नोंद तारीखवार लिहून त्यांना द्यावी. मोघम तक्रारीपेक्षा अशी नोंद टाळणे त्यांना अवघड जाते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): कार्यालयातले खासगी हॉटस्पॉट बंद पाडण्यासाठी जॅमर बसवावा असा प्रस्ताव आहे. किंमतही फार नाही. आपले मत?

उत्तर: बसवू नये. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की भारत सरकारने विशेष परवानगी दिल्याखेरीज जॅमरचा वापर बेकायदेशीर आहे. वाय-फाय यंत्रणेतूनच इतरांच्या हॉटस्पॉटला तोडण्याचे संदेश पाठवण्याची सोयही काही उपकरणांत असते, आणि तिच्यापासूनही दूर राहावे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील मॅरियटच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट या पद्धतीने तोडले जात होते, आणि त्याबद्दल ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीला ६ लाख डॉलर भरावे लागले. माणसाच्या खिशातला त्याच्या स्वतःच्या डेटावर चालणारा मोबाइल ही त्याची बाब आहे. कार्यालयाच्या अखत्यारीत आपल्या तारा आणि आपले संगणक येतात.

प्रश्न (ठाणे): आमच्या एका कर्मचाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून कोणाला तरी धमकीचा मजकूर गेला असे पोलिसांनी कळवले. तो म्हणतो की त्याच्या लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर आणखी चार जण होते. आमच्या नोंदीवरून खरे काय ते ठरवता येईल का?

उत्तर: बहुधा येणार नाही, आणि हॉटस्पॉट वाटण्यातला सर्वांत गंभीर धोका हाच आहे. कार्यालयाच्या नोंदीत त्या वेळी तो आयपी पत्ता कोणाकडे होता एवढेच असते. मागच्या चौघांपैकी कोण बोलले, हे फक्त त्या लॅपटॉपला माहीत असू शकते आणि तो सहसा ते लिहून ठेवत नाही. म्हणून त्या लॅपटॉपला आता कोणीही हात लावू नये, तो जसा आहे तसा बाजूला ठेवून तपास अधिकाऱ्यांकडे द्यावा. कर्मचाऱ्याला दोषी धरण्याची घाई आपण करू नये. नाव त्याचे दिसते याचा अर्थ कृत्य त्याचे आहे असा होत नाही, आणि हे आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना एकदा समोर बसवून सांगितले पाहिजे. दुसऱ्याला जोडणी देणारा माणूस आपले नाव त्याच्या हाती देत असतो, हे कळल्यावर बरेच जण स्वतःहून हॉटस्पॉट बंद करतात, असा माझा अनुभव आहे.

नोंदींबाबत, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि शासकीय संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. पत्ते वाटल्याची, रेडियसची आणि फायरवॉलची अशा तिन्ही नोंदी राउटरच्या बाहेर, वेगळ्या सर्व्हरवर साठवाव्यात. त्याच निर्देशांत यंत्रणांची घड्याळे ठरलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवण्यासही सांगितले आहे आणि ही बाब सर्रास दुर्लक्षिली जाते. अनेक लहान राउटरांत घड्याळाला बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांची तारीख १ जानेवारी १९७० होते, आणि वेळ-सर्व्हरशी गाठ पडेपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्याच तारखेने पडतात. आपल्या राउटरची तारीख आज एकदा उघडून पाहावी.